लढता येतं, मग शिकवता काय?

परवा कराडला लग्नात भाचेजावयांनी विचारलं, "मामा, आधीच तयार असलेल्या अधिकाऱ्यांना तुम्ही पुन्हा काय शिकवायचात?" दिल्लीत २००० साली संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसाठीचं आपलं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. तिथे मी काही वर्षं शिकवलं, त्यामुळे हा प्रश्न ठरलेलाच. पंगतीत उत्तर अर्धवट राहिलं. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगतो.

समोर शत्रू आहे, हे अधिकाऱ्याच्या अंगात पहिल्या दिवसापासून भिनवलेलं असतं. शांतिसेनेचं निळं हेल्मेट घातलं की शत्रू नाहीसा होतो आणि उरतात भांडणारे पक्ष. त्यांची संमती हवी, कुणाची बाजू घ्यायची नाही, आणि स्वतःच्या व सोपवलेल्या कामाच्या रक्षणापुरतंच बळ वापरायचं. युद्धविरामावर नजर ठेवणाऱ्या लष्करी निरीक्षकाकडे तर बहुतेक ठिकाणी शस्त्रच नसतं.

आमच्याकडे नाक्याचा सराव असे. दोन ड्रम, आडवा बांबू, आणि दारू प्यायलेल्या बंडखोराची भूमिका करणारा एक जवान. एका मेजरची गाडी अडवली आणि त्याचा हात थेट कमरेकडे गेला. तिथे पिस्तूल नव्हतंच. तो क्षणभर गोंधळला. मी त्याला म्हटलं, खाली उतर, गॉगल काढ, दोन्ही तळहात दिसू देत, आधी त्याचं नाव विचार. पंधरा वर्षांची सवय मोडायला त्याला चार फेऱ्या लागल्या.

दुभाष्याचंही तसंच. गावच्या मुखियाशी बोलताना आपली नजर नकळत दुभाष्याकडे वळते आणि मुखियाला वाटतं, हा माझ्याशी बोलतच नाही. डोळे मुखियाकडे ठेवायचे, वाक्यं छोटी करायची, मध्ये थांबायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण भल्याभल्यांना जमत नाही.

आता अनेकांचा गैरसमज असतो की शांतिसेना म्हणजे हात बांधून उभं राहणं. कबड्डीचा पंच कुठल्या संघाचा नसतो, पण फाउल दिसला की शिट्टी वाजवतोच. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात, संयुक्त राष्ट्रांनीच 'सुरक्षित' ठरवलेल्या भागात, आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलं मारली गेली. तुटपुंज्या शस्त्रांची डच तुकडी तिथे होती. हा धडा शिकवताना माझा आवाज अजूनही जड होतो. १९९९ पासून पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या मोहिमेत नागरिकांचं संरक्षण आदेशातच लिहिलं गेलं. तिथेच कैलाहूनमध्ये २००० साली बंडखोरांनी आपल्या गोरखा जवानांना सुमारे अडीच महिने वेढून ठेवलं. त्यांनी शस्त्रं खाली ठेवली नाहीत. आधी बोलणी झाली, ती निष्फळ ठरल्यावर जुलैत 'ऑपरेशन खुकरी' करून त्यांना बाहेर काढलं. कधी थांबायचं आणि कधी थांबायचं नाही, हे एका घटनेतून शिकवायचं तर मी हीच निवडतो.

महिला अधिकाऱ्यांबद्दल तर मला फार कळकळीने सांगायचंय. गस्तीत सगळे पुरुष असतील तर अर्धं गाव तुमच्याशी बोलतच नाही. पाणवठ्यावर जाताना कुठली वाट बायका टाळतात, हे बाईलाच सांगितलं जातं. आणि पुढचा हल्ला कुठे होईल, याचा अंदाज नेमका त्या वाटेवरून येतो. पुण्यात औंधला २०१६ साली १८ देशांचा सराव झाला. त्यात शांतिसेनेचं कामही होतं, आणि आपल्या तुकडीचं नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशींकडे होतं. त्याआधी त्या काँगोच्या मोहिमेत काम करून आल्या होत्या.

सगळ्यात जास्त वेळ मात्र अहवाल खातो. पाहिलेलं, ऐकलेलं आणि अंदाजाने ठरवलेलं, तिन्ही वेगळं लिहायचं. कारण चुकीच्या एका वाक्यावरून युद्धविराम मोडल्याचा आरोप भलत्याच पक्षावर येतो आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच गोळ्या सुटतात. त्या मेजरने पहिल्यांदा लिहिलं होतं, 'बंडखोरांनी गावावर हल्ला केला.' तिसऱ्या खेपेला कागद आला: 'सव्वासहाला पश्चिमेकडून गोळीबाराचे सात आवाज ऐकले. गोळ्या कोणी झाडल्या ते दिसलं नाही.' मी सही केली.