चिंगीची दाढ आणि शिरवळच्या चार फेऱ्या

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, चिंगीच्या उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी गाठ दिसली. आई म्हणाली गांधीलमाशी चावली असेल, हळद लाव. हळद लावली, दुसऱ्या दिवशी बघते तर डोळा अर्धा मिटलेला. चिंगी म्हणजे आमची गावठी कुत्री, सात वर्षांची, पुण्यात धनकवडीत आमच्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जन्मली, एका पावसात वर आणली ती कायमचीच राहिली.

जवळच्या डॉक्टरांनी डोळ्याचे ड्रॉप्स दिले आणि पाच दिवस अँटिबायोटिक. सूज उतरली, आम्ही निवांत. तीन आठवड्यांनी तिथेच परत आली आणि या वेळी फुटली, गालावरनं पू यायला लागला. तोवर तिचं तोंड उघडून कुणी बघितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही, आणि हे मला आजही टोचतं. कारण खुणा होत्या हो. मान वाकडी करून एकाच बाजूने खायची, भाकरीचा कडक तुकडा उचलून परत खाली ठेवायची, तोंडाला वास यायचा. मला वाटलं वय झालं. खायची थांबली नाही ना, म्हणून दुखत असेल हे डोक्यातच आलं नाही. कुत्री दुखत असलं तरी खातात, हे मला आता कळलंय.

मग दुसऱ्या एका क्लिनिकला नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्या मिनिटाला ओठ वर केला आणि मला दाखवलं. वरची सगळ्यात मोठी दाढ, तिचा बाहेरच्या बाजूने सरळ टवका उडालेला, आतला गुलाबी ठिपका दिसत होता. त्या म्हणाल्या या दाढेला तीन मुळं असतात आणि त्यांची टोकं डोळ्याच्या अगदी खाली येतात, दात फुटला की जंतू आत शिरतात, मुळाशी पू होतो आणि तो वाट काढतो ती डोळ्याखाली. अँटिबायोटिकने सूज जाते पण मूळ तिथंच, म्हणून परत परत येतं. दात काढायचा नाहीतर रूट कॅनल. मी विचारलं टवका कशाने उडाला असेल, तर त्यांनी विचारलं हाडं देता का. देत होतो. दर रविवारी मटणाची नळी, खालचा मटणवाला चिंगीसाठी आठवणीने बाजूला ठेवायचा. आम्हाला वाटायचं दात मजबूत होतात.

खर्चाचा आकडा आला ३२ हजार. रक्ततपासणी, दातांचा एक्स-रे, गॅसची भूल, दात काढणं, बाकीच्या दातांचं स्केलिंग म्हणजे किटण काढणं, औषधं सगळं धरून. त्यांनी मला फसवलं असं मी अजिबात म्हणणार नाही, एकेक गोष्ट समजावून सांगितली. माणूस तोंड उघडून गप्प बसतो, कुत्रं बसत नाही, म्हणून पूर्ण भूल द्यावीच लागते, घशात नळी घालावी लागते म्हणजे स्केलिंगचं पाणी नि घाण फुप्फुसात जात नाही. पण माझा पगार २१ हजार, आईची बीपी-शुगरची औषधं त्यातूनच. त्या रात्री मी चिंगीजवळ बसून खूप रडले, कारण पैसे नाहीत म्हणून हिला दुखत ठेवायचं हे मला मान्यच होत नव्हतं.

इथे आधीची एक गोष्ट सांगायलाच हवी. वर्षभरापूर्वी मी एका ग्रूमिंगवाल्याकडे १२०० रुपये देऊन तिचे दात साफ करून आणले होते, भूल न देता. दात पांढरे दिसले, मी खूश. आता कळलं की तसं खरवडून फक्त बाहेरून दिसणारं किटण निघतं, रोग असतो हिरडीच्या आत आणि तिथे जाग्या कुत्र्याला कुणी हात लावूच शकत नाही. ते १२०० रुपये गेले ते गेले, पण दात स्वच्छ आहेत असं समजून मी वर्षभर तोंडात डोकावले नाही हे नुकसान मोठं.

मग फोन सुरू केले. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या दोन संस्थांना विचारलं, त्यांचे स्वस्तातले उपचार रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी होते, पाळलेल्यांसाठी नाही, आणि ते बरोबरच आहे. भाऊ म्हणाला तोपर्यंत ब्रुफेनची अर्धी गोळी दे. कृपा करून असं कुणी करू नका, माणसांच्या या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, किडनीला इजा होते, मी विचारून घेतलं म्हणून वाचलो. लालबागची मावशी म्हणाली परळला घेऊन ये, बैलघोडा हॉस्पिटल आहे, शेजारी व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिच्या लहानपणापासून लोक तिथेच नेतात. बरोबर आहे, बैलघोडा म्हणजे बाई साकरबाई पेटिट हॉस्पिटल, आणि परळचं कॉलेज तर १८८६ सालचं. पण परळहून पुण्यापर्यंत भूल उतरलेलं कुत्रं घेऊन यायचं कसं? तेव्हा त्या क्लिनिकच्या मॅडमनीच सुचवलं, शिरवळला जाऊन बघा. क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय, पुण्यापासून ५० किलोमीटर असेल, सातारा रोडलाच, नीरा नदी ओलांडली की आलं. मी त्या रस्त्याने गावाला शंभर वेळा गेलेय आणि मला वाटायचं तिथे फक्त गाई-म्हशी बघतात. नागपूर, परभणी, उदगीरलाही अशी सरकारी कॉलेजं आहेत, सगळ्यांना दवाखाना जोडलेला असतो, कारण विद्यार्थी शिकणार कुठे नाहीतर.

न्यायचं कसं हा वेगळाच प्रश्न. बसमध्ये घेईनात, रिक्षावाले कुत्रं म्हटलं की पुढे. शेवटी आमच्या गल्लीतले दादा छोटा हत्ती चालवतात, शिरवळच्या कंपन्यांमध्ये माल सोडायला जातात, ते म्हणाले चल की, रिकामं कोण येतंय परत. मी मागे गोधडी टाकून चिंगीला घेऊन बसले, डिसेंबरची थंडी, कात्रजच्या बोगद्यात ती माझ्या शालीत तोंड खुपसून होती.

केसपेपर काढला. आमच्या पुढे एक शेळी, एक वासरू, मागे जर्मन शेफर्ड. चार विद्यार्थी टॉर्च घेऊन चिंगीच्या तोंडात बघत होते आणि सर एकेकाला विचारत होते, हा कितवा दात, मुळं किती, पू इथेच का आला. एका मुलीने माझ्यासमोर सगळे दात मोजले, कुत्र्याला ४२ असतात म्हणाली. तिनेच दाखवलं की उजव्या बाजूला किटणाचा जाड थर आहे, डावीकडे कमी, कारण दुखतंय म्हणून उजवीकडून चावतच नाही ही. मला त्या मुलांची घाई नसणं फार आवडलं.

मला वाटलं होतं त्याच आठवड्यात दात निघेल. रक्ताचा रिपोर्ट आला, प्लेटलेट ७० हजार. दोन लाखांच्या आसपास तरी हव्यात. गोचीड ताप, म्हणजे गोचीड चावून होणारा आजार, त्यात प्लेटलेट उतरतात. बाहेरून काही दिसत नव्हतं, ताप नाही, पण सर म्हणाले ताई, अशात दात काढला तर रक्त थांबणार नाही, आधी हे बरं करू. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक २८ दिवस, जेवणानंतरच द्यायचं आणि गोळीमागे पाणी पाजायचं, नाहीतर अन्ननलिकेत चिकटून जखम होते. दाताचं दुखणं आणि पू आटोक्यात ठेवायला कुत्र्याच्या वजनाप्रमाणे वेगळी औषधं. ते २८ दिवस फार जड गेले. पण ज्यांना रक्ततपासणीचे पैसे वाचवावेसे वाटतात त्यांना मी हात जोडून सांगते, तेवढे वाचवू नका.

दुसऱ्या फेरीला रक्त परत तपासलं, प्लेटलेट चांगल्या वर आल्या होत्या, तारीख मिळाली. ऑपरेशनच्या आदल्या रात्री नऊनंतर खाणं बंद, सकाळी पाणीही नाही. तिथे गेल्यावर सामानाची चिठ्ठी देतात, सलाईन, सुया, टाक्यांचा धागा, औषधं असं मेडिकलमधून आणून द्यायचं. ती आत गेली आणि मी बाहेर बाकावर दोन तास. दाढ आख्खी उपटत नाहीत, तीन मुळं तीन दिशांना रुतलेली असतात म्हणून मशीनने तिचे तीन भाग करतात आणि एकेक मूळ सैल करून काढतात, वरून विरघळणारे टाके. बाकीच्या दातांचं स्केलिंग पण त्याच भुलीत झालं. त्या मुलीने गॉजमध्ये गुंडाळून तीन तुकडे आणून दिले, एका मुळाचं टोक काळं पडलं होतं. एवढंसं ते, आणि त्यावर ही दोन-तीन महिने भाकरी खात होती.

भूल उतरताना चिंगी खूप कण्हत होती, ते दुखण्यानेच असतं असं नाही, गुंगीनेही असतं असं सांगितलं, तरी ऐकवत नाही. दोन आठवडे मऊ भात, अंडं, चिकनचं पाणी, कांदा-लसूण-मीठ काही नाही. चौथी फेरी टाके बघायला.

पैसे सांगते, कारण मी शोधत होते तेव्हा मला कुणी नीट सांगत नव्हतं. दोनदा रक्त, केसपेपर आणि ऑपरेशनची फी, बाहेरून आणलेली सगळी औषधं, चार फेऱ्यांचं दादांना दिलेलं डिझेल धरून माझे ७ हजारांच्या आत झाले. वर चार दिवसांच्या बिनपगारी रजा. वेळ द्यावा लागतो, सकाळी लवकर पोचावं लागतं, हे धरूनच जायचं.

आता रोज रात्री बोटाला गॉज गुंडाळून कुत्र्यांची पेस्ट लावून दात घासते. आपली पेस्ट चालत नाही, कुत्री ती थुंकत नाहीत, गिळतात, आणि काही पेस्टमध्ये गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं ते तर कुत्र्यांना विषच. नळ्या बंद. मॅडमनी सांगितलेलं लक्षात ठेवलंय, ज्यावर आपलं नख रुतत नाही ते कुत्र्याला चावायला द्यायचं नाही. मटणवाल्यालाही सांगितलं, त्याला खरंच वाईट वाटलं, आता तो बिनहाडाचा तुकडा ठेवतो.

समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंच्या लॅब्रडॉरला परवा डोळ्याखाली सूज आली, त्यांना वाटलं माशी चावली. मी जाऊन ओठ वर करून बघितलं, तीच दाढ, तसाच टवका. दादांची गाडी मंगळवारी शिरवळला जातेय, मी आणि काकू सकाळी सातला निघतोय.