तुम्ही विचारलंत म्हणून: हायडीचं निरसं दूध

मुलांच्या पुस्तकांबद्दल मी लिहिते-बोलते, त्यामुळे पालकांकडून एक प्रश्न सारखा येतो. योहाना श्पीरीच्या 'हायडी'त फ्रँकफर्टची पांगळी क्लारा आल्प्सवर येऊन शेळीचं दूध पिते आणि चालायला लागते. फ्रान्सिस हॉजसन बर्नेटच्या 'द सीक्रेट गार्डन'मधला कॉलिन ताज्या, सायीच्या दुधावर धडधाकट होतो. मग निरसं दूध खरंच इतकं गुणकारी असतं का? आणि नसेल, तर वाचून दाखवताना तो भाग गाळावा का?

माझं उत्तर दोन्हीकडे 'नाही' असंच आहे. दूध तापवूनच द्या, आणि पुस्तकातला शब्दही गाळू नका. आता जरा सविस्तर सांगते, कारण या दोन पुस्तकांवर माझा फार जीव आहे.

'हायडी' 1880-81 मध्ये दोन भागांत आली. हायडी ही आल्प्सवर आजोबांकडे राहणारी लहान मुलगी. आजोबा श्वेन्ली नावाच्या पांढऱ्या शेळीची धार थेट वाडग्यात काढतात आणि तोच वाडगा हायडीच्या हातात देतात. पुढे क्लारा येते. ती आधी बिचकते, पण हायडीला एका दमात दूध संपवताना पाहून ओठाला लावते, तर त्यात साखर-दालचिनी घातल्यासारखी गोडी! आजोबा तर तिच्यासाठी कडेकपारी चढून सुवासिक वनस्पती खुडून आणतात आणि श्वेन्लीला चारतात, म्हणजे दूध आणखी कसदार व्हावं. हे श्पीरीने मनाने रचलेलं नव्हतं. स्वित्झर्लंडमध्ये आपेनझेल भागातल्या गाइस या गावी अठराव्या शतकापासून रोगी माणसं शेळीच्या दुधाची निवळी प्यायला जात. डोंगरावरची हवा आणि दूध हे तेव्हाच्या डॉक्टरांचं नेहमीचं औषध होतं. शिवाय तेव्हा शहरात मिळणारं दूध पाणी घातलेलं, कधी खडूने पांढरं केलेलं, कोंदट गोठ्यांतल्या आजारी जनावरांचं असे. त्यापुढे श्वेन्लीचं दूध अमृतच वाटणार.

पण त्या अमृतात काय असू शकतं, हे कळायला 1905 साल उजाडलं. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना महिनोन्‌महिने चढउतार करणारा ताप येई. डेव्हिड ब्रूसने 1887 मध्ये त्याचा जंतू शोधला होता, पण तो येतो कुठून हे कोडंच होतं. थेमिस्टोक्लिस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरने ते सोडवलं: शेळ्यांकडून. दिसायला अगदी निरोगी, टवटवीत शेळ्यांकडून! पुढच्या वर्षी सैनिकांना शेळीचं दूध बंद केलं आणि तापाचे रोगी झपाट्याने घटले. 'आमच्या ओळखीची, स्वच्छ जागेतली जनावरं आहेत' असं मला कुणी सांगतं, तेव्हा मला झामिटच्या त्या शेळ्या आठवतात.

कॉलिनची गोष्ट मला याहून अस्वस्थ करते. यॉर्कशायरच्या त्या मोठ्या वाड्यात तो अंथरुणाला खिळून आहे, कारण वडिलांसारखी आपलीही पाठ वाकडी होईल, कुबड येईल, या भीतीने त्याला पोखरलंय. आता खऱ्या जगात त्या काळच्या मुलांना कुबड येण्याचं एक ठळक कारण होतं मणक्याचा क्षय. आणि मुलांमधल्या हाडांच्या, मानेतल्या गाठींच्या, पोटाच्या क्षयाचा एक मोठा वाटा क्षयग्रस्त गाईंच्या निरशा दुधातून येत होता. क्षयाचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉखनेच 1901 मध्ये लंडनला सांगितलं होतं की गाईच्या क्षयाची माणसाला फारशी भीती नाही. ब्रिटनने त्यावर रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, नेमलं. कमिशनचा शेवटचा अहवाल कॉखच्या विरोधात गेला: गाईचा क्षय माणसाला होतो, आणि लहान मुलांना विशेष. तो अहवाल आला 1911 मध्ये. 'द सीक्रेट गार्डन' पुस्तकरूपात आलं तेही 1911 मध्येच. म्हणजे कथेतला मुलगा ज्या व्याधीला घाबरतो, ती देऊ शकणारी वस्तूच त्याला बळ यावं म्हणून दिली जाते. बर्नेटला मी दोष देत नाही. तिच्या वाचकांना त्या दुधात आईची मायाच दिसली असणार.

तापवण्याला विरोध करणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र तेव्हा खरं होतं. केवळ तापवलेल्या दुधावर वाढवलेल्या काही तान्ह्या बाळांना स्कर्व्ही होई, कारण दुधातलं मुळातच थोडं असलेलं 'क' जीवनसत्त्व उष्णतेने आणखी कमी होतं. त्यावर उपाय संत्र्याच्या रसाचा होता, निरशा दुधाचा नव्हे. प्रथिनं आणि कॅल्शियम तापवूनही टिकतात. 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद, एवढ्या पाश्चरायझेशनने क्षयाचे आणि माल्टा तापाचे जंतू मरतात. आजच्या ई. कोलाय या जंतूच्या काही घातक जातीही मरतात, ज्या लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी करू शकतात.

मग ती मुलं बरी कशाने झाली? पुस्तक नीट वाचा. कॉलिन पहिल्यांदा पायांवर उभा राहतो तो रागाने, म्हातारा माळी 'तुझे पाय वाकडे ना?' म्हणतो तेव्हा. त्याचा मित्र डिकन दुधाचं भांडं आणतो ते त्यानंतर. आणि ते भांडं आणि मनुक्यांचे पाव पाठवणाऱ्या डिकनच्या आईच्या, सुझन सॉवरबीच्या, घरी खाणारी तोंडं चौदा आहेत. मुलांच्या ते लक्षात येतं आणि ती तिला पैसे पाठवतात. स्वतःच्या दुखण्यापलीकडे काही न पाहणाऱ्या कॉलिनला दुसऱ्याच्या घरातली चूल दिसायला लागते, हा मला सगळ्या पुस्तकातला सर्वांत मोठा बदल वाटतो. क्लाराचंही तसंच. तिला भूक लागते, गवतावर उन्हात बसायला मिळतं, बरोबरीची मैत्रीण मिळते. शेळ्या राखणारा पेटर मत्सराने तिची चाकांची खुर्ची दरीत ढकलतो आणि मग हायडी-पेटरच्या आधाराने ती पावलं टाकते. चांगलंचुंगलं पोटात गेल्याचा उपयोग झालाच असेल, दूध पौष्टिक आहेच. पण ते तापवलेलं असतं तरी क्लारा चालली असती.

म्हणून 'तिने उकळलेलं दूध प्यायलं' असा बदल वाचताना करू नका. मुलांना ते लगेच खटकतं आणि श्वेन्लीची धार, वाडग्यावरचा फेस, सगळंच निघून जातं. सात-आठ वर्षांच्या मुलाने 'आपण का तापवतो मग?' असं विचारलं, तर झामिटची गोष्ट सांगा. मुलं ती गुप्तहेरकथेसारखी ऐकतात आणि शेळ्या आजारी दिसत नव्हत्या, यावर हमखास पुढचा प्रश्न विचारतात.