तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तिला काहीच होत नाहीये, मग ठेवून का घेतलंय?’

नाशिकमध्ये गरोदर मातांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काम करत असल्याने हा प्रश्न मला भेटीच्या वेळेत तर विचारला जातोच, पण सोसायटीच्या जिन्यात आणि एखाद्या डोहाळजेवणातही विचारला जातो. ‘सिस्टर, आमची सून छान बसून गप्पा मारते, जेवते, तिचं काही दुखत नाही, मग डॉक्टरांनी तिला ठेवून का घेतलंय? आणि औषधं तर डॉक्टरच लिहून देतात, तर तुम्ही सारखं येऊन काय बघता?’ अशा प्रश्नामागे दर वेळी संशयच असतो असे नाही. घरी दुसरे लहान मूल असते, नवऱ्याचे अंबडच्या कंपनीतले खाडे वाढत असतात, किंवा द्राक्षाचा हंगाम ऐन भरात असल्याने दिंडोरी-निफाडच्या बागेतली रोजची मजुरी बुडत असते.

थोडक्यात उत्तर द्यायचे तर गरोदरपणातल्या ज्या तक्रारींची आम्हाला सर्वांत जास्त धास्ती असते, त्या सुरुवातीला त्या बाईला जाणवतच नाहीत. वाढलेल्या रक्तदाबाचेच घ्या. पाचवा महिना उलटल्यावर, म्हणजे २० आठवड्यांनंतर, रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर राहू लागला आणि सोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली, की त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. याचे मूळ बहुतेक वेळा वारेत, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोषण पुरवणाऱ्या अवयवात (प्लॅसेंटा), असते: वारेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या जितक्या रुंदावायला हव्यात तितक्या रुंदावत नाहीत, आणि त्या बिघाडातून आईच्या रक्तात उतरणारे घटक तिच्या सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतात. म्हणून मूत्रपिंड, यकृत आणि मेंदू हे तिन्ही अवयव एकाच वेळी धोक्यात येऊ शकतात, आणि तरीही ती बाई खाटेवर बसून शेजारणीशी गप्पा मारत असते.

आम्ही सारखे येऊन काय पाहतो, तर आधी रक्तदाब. आणि तो मोजण्यातही बरेच काही चुकू शकते. जिना चढून आलेल्या बाईचा रक्तदाब लगेच मोजायचा नसतो. तिला निदान पाच मिनिटे शांत बसू द्यावे लागते, हात हृदयाच्या पातळीला टेकवावा लागतो, आणि दंड जाड असेल तर मोठा पट्टा शोधून आणावा लागतो, कारण लहान पट्टा आकडा उगाच वाढवून दाखवतो. आकडा १६०/११० दिसला तर साधारण पाव तासात तो पुन्हा मोजायचा आणि दरम्यान डॉक्टरांना कळवून ठेवायचे. त्यानंतर लघवीची पट्टी: पिवळा चौकोन हिरवट होत गेला की प्रथिने जात आहेत हे समजते.

याहून अवघड काम म्हणजे विचारणे. ‘काही त्रास होतोय का?’ असे सासूसमोर विचारले, तर दहातल्या नऊ सुना ‘नाही’ म्हणतात, त्यामुळे एकेक गोष्ट सुटी करून विचारावी लागते. डोके दुखत असेल तर ती तेल चोळून घेते आणि सांगत नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकले तर अशक्तपणा समजते. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात दुखू लागले तर ‘पित्त झालंय’ म्हणून आल्याचा चहा मागवते. ही शेवटची तक्रार यकृताला सूज आल्याची खूण असू शकते, म्हणून रक्तदाब वाढलेल्या बाईच्या तोंडून पित्त हा शब्द आला की आमचे कान टवकारतात. पायांची सूज गरोदरपणात पुष्कळ जणींना येते आणि तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही, परंतु काल सैल असलेला हिरवा चुडा आज मनगटात रुतत असेल किंवा चेहरा सकाळीच सुजलेला दिसत असेल, तर केसपेपरवर तशी नोंद करावीच लागते.

यापुढची पायरी म्हणजे आकडी (झटके, फिट), आणि ती येऊ नये म्हणून दिले जाणारे औषध म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय या मोठ्या अभ्यासात, ३३ देशांतल्या सुमारे १०,००० स्त्रियांवर, या औषधाने आकडीचा धोका निम्म्याहून कमी होतो हे दिसून आले. औषध स्वस्त आहे, परंतु निष्काळजीपणे देण्याचे नाही. प्रचलित पद्धतीत सुरुवातीला ४ ग्रॅम शिरेतून सावकाश आणि ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत खोलवर देतात, आणि मग दर चार तासांनी ५ ग्रॅम, एकदा या बाजूला तर एकदा त्या बाजूला, असे प्रसूतीनंतर किंवा शेवटच्या आकडीनंतर २४ तास चालू ठेवतात. शिरेतून औषध जाताना अंगातून गरम वाफ निघाल्यासारखे वाटते, हे आधी सांगितले नाही तर बाई घाबरून उठू पाहते. पुढच्या प्रत्येक डोसाआधी आम्ही तीन गोष्टी पाहतो: गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला निदान १६ आहेत का, आणि पिशवीत तासाला किमान ३० मिलिलिटर लघवी जमली आहे का. हातोडीचा प्रकार पाहून नातेवाइकांना हसू येते, आणि ते येऊ द्यावे. मॅग्नेशियम लघवीवाटे बाहेर पडते. लघवी कमी झाली तर ते अंगात साठते, आणि साठू लागले की आधी गुडघ्याचा झटका नाहीसा होतो व त्यानंतर श्वास मंदावतो. पाय उडाला नाही, तर डोस थांबवून डॉक्टरांना बोलवायचे. उताऱ्याचे कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशीच ठेवलेले असते.

वॉर्डातल्या इतर खाटांवर वेगवेगळी कारणे असतात. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या बाईला कळा नसताना अचानक रक्तस्राव होऊ शकतो. तिची आतून तपासणी सहसा टाळतात, रक्ताची सोय आधीच करून ठेवतात आणि तिचा प्रत्येक पॅड आम्ही स्वतः पाहतो. दिवस भरण्याआधी जिचे पाणी गेले, तिचा ताप आणि पाण्याचा रंग-वास पाहायचा. बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून द्यायची डेक्सामेथासोनची चार इंजेक्शने १२-१२ तासांच्या अंतराने चुकवायची नाहीत. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलेली बाई चालत वॉर्डात येते, हे तर रोजचेच आहे.

‘माझ्या नणंदेलाही प्रेशर होतं, तिला घरी पाठवलं,’ असेही ऐकावे लागते. ती नणंद नाशिकरोडला राहत असेल, तिचा आकडा सौम्य असेल आणि एक दिवसाआड ती तपासायला येऊ शकत असेल, तर तो निर्णय योग्यच आहे. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरून सावळ घाट ओलांडून आलेल्या बाईला, तेही पावसाळ्यात, त्याच आकड्यावर घरी पाठवणे निराळे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते आणि जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल खूण करतात. ती खूण दिसली की मोठ्या दवाखान्यात निघण्याची तयारी त्याच दिवशी सुरू करावी, असे मी प्रत्येक घरच्यांना सांगते.

डब्याबद्दलही बोलायला हवे, कारण प्रेशर म्हटले की अळणी डबा येतो. प्रीएक्लॅम्पसियात मीठ बंद केल्याने आजार आटोक्यात येत नाही. उलट ती बेचव भाजी तशीच परत जाते आणि बाई उपाशी राहते. डॉक्टरांनी वेगळे काही सांगितले नसेल, तर नेहमीचे जेवण, सोबत डाळ, उसळ, चालत असेल तर अंडे, हे पुरे. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी मात्र एकत्र घेऊ नये आणि लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नये, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

बाळ झाले की घरी जाण्याची घाई सुरू होते, आणि नेमकी तिथेच माझी नातेवाइकांशी सर्वाधिक वादावादी होते. वार पडल्यावर आजार उतरू लागतो हे खरे, परंतु आकडी प्रसूतीनंतरही येते, आणि रक्तदाब तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा चढू शकतो. आपल्याकडे पाचवीची पूजा याच दिवसांत येते. घरात पाहुणे असतात आणि बाळंतिणीचे डोके दुखले तर जागरणामुळे दुखले असे ठरवून सगळे मोकळे होतात. आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येतात, तेव्हा बाळाचे वजन पाहायला सगळे जमतात. त्याच वेळी बाळंतिणीला डोके, डोळे आणि पोट या तिन्हींबद्दल विचारावे, आणि त्या आठवड्यात तिचा रक्तदाब जवळच्या उपकेंद्रात किंवा दवाखान्यात एकदा तरी मोजून घ्यावा. तिथे दाखवण्यासाठी डिस्चार्ज कार्ड बरोबर न्यावे.