तुम्ही विचारलंत म्हणून: "असल्या पोरांची बाजू कशी घेता?"

लग्नात, सोसायटीच्या मीटिंगला, परवा तर दातांच्या डॉक्टरांकडे सुद्धा. मी निरीक्षणगृहातल्या, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलांना ठेवतात तिथल्या, मुलांशी बोलायला जाते हे कळलं की हाच प्रश्न येतो, आणि माझ्या उत्तराआधीच, "संस्कार नाहीत हो, दुसरं काय."

बाजू घेत नाही मी. बरं, घेते कधीकधी. पण २०१५ चा बाल न्याय कायदा आला, १६ ते १८ वयाच्या मुलांवर निर्घृण गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालवता येईल असं ठरलं, तेव्हा बरं झालं म्हणणाऱ्यांत मीही होते. तेव्हा मी चुकले होते असंही आज छातीठोकपणे म्हणवत नाही.

एक सोळा वर्षांचा मुलगा होता. कोयता घेऊन रील टाकलं म्हणून आणलेला. आई मेसमध्ये पोळ्या लाटायची, पहाटे पाचला घर सोडायची. घरी गेले तर म्हणाली, "मॅडम, तो नारळ सोलायला आणलाय म्हणाला, मी विश्वास ठेवला." यात संस्कार कुठे कमी पडले ते मला दाखवा. मुलगा जामिनावर सुटला, मी माझा नंबर दिला. एका रविवारी संध्याकाळी त्याचे तीन मिस्ड कॉल होते, मी भाचीच्या बारशात होते, उद्या बोलू म्हटलं. त्याच रात्री चौकात वाद झाला आणि त्याने दुसऱ्या एका मुलाच्या हातावर वार केला, दोन बोटं गेली त्याची. नंतर मी विचारलं, का रे? तर मान खाली घालून म्हणाला, "पोरं बघत होती, मागं कसं सरणार."

हे फक्त आपल्या वस्त्यांमधलं नाही. अमेरिकेत २००५ साली गाडीच्या व्हिडिओ गेमवर प्रयोग झाला, मित्र बघत असले की १३ ते १६ ची मुलं कितीतरी जास्त धोका पत्करायची, मोठ्यांमध्ये जवळपास फरकच नाही. न्यूझीलंडमधल्या डनेडिनला १९७२-७३ मध्ये जन्मलेली हजारावर मुलं अजून अभ्यासली जातायत, त्यातही दिसलं की किशोरवयात वाकडं वागणारे बरेचसे पुढे थांबतात, लहानपणापासून मोठेपणीपर्यंत तसेच राहणारे थोडे. म्हणून मी जाते. हा थांबणाऱ्यातला असेल तर आत्ताच त्याला मोडून टाकायचं का?

पण अशा मुलांची प्रकरणं चालतात त्या बाल न्याय मंडळाच्या बाहेर बाकावर त्या दुसऱ्या मुलाची आई बसली होती. मला म्हणाली, "ताई, तुमच्याकडे त्याच्याशी बोलायला वेळ आहे. माझ्या पोराशी कोण बोलणार? तो रात्रीचा ओरडत उठतो." मला काहीच सुचलं नाही, मी नुसती तिच्या शेजारी बसले, मग आतून पुकारा झाला.

तो फोन मी उचलला असता तर? माहीत नाही. आता रात्रीसुद्धा फोन उशाशी असतो. गुरुवारी त्या मुलाला भेटायला जाणारे, आणि तिच्या मुलासाठी कुणी समुपदेशक मिळतोय का ते अजून शोधतेय.