ठाणे ते बेलापूर, एक शनिवार: हजाराची वाइन दोन हजारांची कशी लागते

आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती आणि ताईच्या नेरुळच्या घरी बारा माणसांचं जेवण ठरलं होतं. बाबांनी एकच इच्छा सांगितली, "या वेळी एक घोट वाइनचा घेऊन बघायचाय, पण चांगली आणा." ताईनं वाइनसाठी पाच हजार बाजूला काढले. ७५० मिलीच्या बाटलीतून १५० मिलीचे पाच ग्लास निघतात. पिणारे नऊ, माणशी दोन ग्लास धरले तर चार बाटल्या लागणार. म्हणजे बाटलीमागे साधारण हजार-बाराशे, आणि तेवढ्यात "चांगली" बसवायची. म्हणून जेवणाच्या पंधरा दिवस आधी, नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, मी ठाण्याहून निघालो आणि वाटेतली चार दुकानं पालथी घातली. ज्यांना पुढेमागे असाच शोध घ्यायचा आहे त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय.

निघण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. तो ड्राय डे नाही ना, हे पहिलं. २ ऑक्टोबर सगळ्यांच्या लक्षात असतो, पण निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास दुकानं बंद असतात हे ऐनवेळी आठवतं. दुसरं म्हणजे पिशवी. जाड कापडी पिशवी आणि चार-पाच जुनी वर्तमानपत्रं सोबत घ्या. दारूचा परवाना असेल तर तोही खिशात ठेवा आणि दुकानदाराकडून बिल मागून घ्या.

पहिलं दुकान नौपाड्यातलं. सकाळचे साडेदहा झाले होते आणि समोरच्या काचेतून ऊन थेट फळीवर येत होतं. त्याच फळीवर वाइनच्या बाटल्या उभ्या मांडलेल्या, त्यातल्या एका पांढऱ्या वाइनवर सवलतीची चिठ्ठी. बाटली हातात घेऊन मागचं लेबल वाचलं, तर बाटलीबंद केल्याची तारीख तीन वर्षांपूर्वीची. उजेडात धरली तेव्हा आतला रंग जुन्या मधासारखा दिसला. ताज्या पांढऱ्या वाइनचा रंग फिकट असतो, लिंबाच्या सालीसारखी किंचित हिरवट झाक असते. हा फरक घरी सगळ्यांना चाखवायचा म्हणून मुद्दाम ती एक घेतली. संध्याकाळी उघडली तेव्हा तिला वास होता शिजवलेल्या सफरचंदाचा आणि चव पार बसलेली. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण आपल्याकडच्या अनेक दुकानांत हेच चित्र दिसतं. वाइनला ऊन आणि उष्णता सोसत नाही. नाशिकहून कसारा घाट उतरून आलेली उत्तम बाटली ठाण्याच्या एका उन्हाळ्यात काचेमागे मरते, आणि आपण मात्र "भारतीय वाइन अशीच" म्हणून मोकळे होतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या बाटलीमागे कुणाची तरी एप्रिलची खरड छाटणी असते, ऑक्टोबरची गोडी छाटणी असते आणि जानेवारीच्या थंडीत पहाटे उठून केलेली काढणी असते.

म्हणून पहिली सूचना हीच: ब्रँड नंतर बघा, आधी दुकान बघा. आत एसी चालू आहे का, बाटल्या उन्हापासून लांब आहेत का, बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवल्यात का. बूच वर उचललं गेलं असेल किंवा गळ्याशी बोटाला चिकट लागलं तर ती बाटली तापली आहे, खाली ठेवा. आणि तारीख वाचा. हजाराच्या आसपासची पांढरी किंवा रोझे (गुलाबी वाइन) असेल तर वर्ष-दीड वर्षाच्या आतलीच घ्या. स्क्रू कॅप दिसली म्हणून वाइन हलकी समजू नका. ताजी प्यायच्या वाइनला तेच झाकण चांगलं.

ठाण्याहून वाशी लोकल पकडली. शनिवारी सकाळी ट्रान्स-हार्बरला बसायला जागा मिळते, वाशी अर्ध्या तासात येतं. तुर्भ्याला एपीएमसीच्या घाऊक बाजाराकडची गर्दी चढली. द्राक्षांच्या दिवसांत या डब्यात टोपल्यांचा वास असतो, नोव्हेंबरात अजून ती वेळ आलेली नव्हती.

वाशीच्या सेक्टर १७ मधलं दुकान छोटं होतं पण आत गारवा होता. काउंटरवरच्या गृहस्थांना विचारलं, "दादा, चेनिन ब्लां कुठल्या महिन्यातली आहे?" त्यांनी एक शब्द न बोलता बाटली उलटी केली, लेबलवर अंगठा फिरवला आणि तारीख माझ्यापुढे धरली. मग म्हणाले, "साहेब, जानेवारी ते मार्च काढणी. त्या वर्षीचा माल पावसाळ्याच्या सुमारास आमच्याकडे येतो. तुम्ही दिवाळीनंतर आलात, आता ताजा मिळतोय. मे महिन्यात आला असतात तर मीच तुम्हाला पांढरी घेऊ नका म्हटलं असतं." अशा माणसाकडून घेतलेली बाटली सहसा फसत नाही. तारीख विचारल्यावर जो वैतागतो त्याच्याकडून घेऊ नका.

चेनिन ब्लांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण हजाराच्या आत सगळ्यात जास्त मोबदला इथेच मिळतो. हे पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाचं वाण मूळचं फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातलं, पण नाशिकच्या मातीत छान रमलं. २००० साली नाशिकच्या सुला कंपनीच्या पहिल्यावहिल्या वाइन बाजारात आल्या त्यात चेनिन होतीच. या द्राक्षाचा आंबटपणा टिकून राहतो, आणि वाइन ओकच्या लाकडी पिंपात मुरवावी लागत नाही. स्टीलच्या टाकीत थंड आंबवायची, काही महिन्यांत बाटलीत भरायची. तुमचा पैसा बराचसा द्राक्षावर जातो, लाकडावर आणि गोदामात पडून राहण्यावर जात नाही. रेड वाइनचं तसं नसतं. ओकचं नेहमीचं पिंप २२५ लिटरचं, त्यातून जेमतेम ३०० बाटल्या निघतात, आणि पिंप परदेशातून आणावं लागतं. तो खर्च बाटलीवर चढतोच. म्हणून पांढऱ्यात हजारात जे मिळतं ते रेडमध्ये मिळायला दोन-तीनशे जास्त मोजावे लागतात, आणि ते मोजावेत असं माझं मत आहे. सातशेच्या रेडपेक्षा सातशेची चेनिन केव्हाही बरी.

वाशीत यॉर्कची चेनिन आणि सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ ही रेड घेतली. दिंडोरी हजाराच्या किंचित वर गेली, पण ती ओकमध्ये मुरलेली असते आणि ते जिभेला कळतं.

सीवूड्सच्या दुकानात परदेशी बाटल्यांची मोठी भिंत आहे. तिथे बरेच जण फसतात, म्हणून हिशोब मांडतो. परदेशी वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क राहिलं आहे. बंदरावर २०० रुपये किंमत धरलेली बाटली तिथेच ५०० ची होते. मग राज्याचे कर, आयातदार, दुकानदार. आपल्या हातात ती दीड हजाराला पडते तेव्हा आतली वाइन तिच्या गावी अगदी साधी असते. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला, पण शुल्कातली सवलत आयात किंमत ५ अमेरिकी डॉलरच्या वर असलेल्या बाटल्यांनाच आहे. सगळ्यात स्वस्त ऑस्ट्रेलियन बाटलीला त्याचा काही उपयोग नाही. उलट महाराष्ट्रात बनलेल्या वाइनला २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणापासून उत्पादन शुल्कात सवलत मिळत आली आहे. तेव्हा बजेट हजार-बाराशेचं असेल तर परदेशी भिंतीकडे पाठ फिरवा. तुलनेसाठी मी तिथून दीड हजाराची एक परदेशी रेड घेतली, आणि तिच्याच शेजारून फ्रातेल्लीची सांजोवेसे. वाण इटलीतल्या टस्कनीचं, मळे मात्र सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळचे.

बेलापूरच्या दुकानात ३७५ मिलीच्या अर्ध्या बाटल्या मिळाल्या. नवीन वाइन करून बघायची असेल तर अर्धी घ्या, चुकली तरी निम्मेच पैसे जातात. बाकी त्या दुकानात वेगळं काही नव्हतं, एवढ्यासाठी बेलापूरपर्यंत गेला नाहीत तरी चालेल. माझी एक चूक तुम्ही करू नका: मी बाटल्या जाताना घेतल्या आणि दुपारभर खांद्यावर वागवल्या. ऊन कडक होतं. आधी फिरून नुसतं बघा, खरेदी परत येताना करा. गाडी असेल तर पार्किंगमध्ये बाटल्या डिकीत सोडून जाऊ नका.

चार वाजता नेरुळला ताईकडे पोहोचलो. तिनं सगळ्या बाटल्या तासभर फ्रीजमध्ये ठेवल्या, मग तिच्या मुलीनं त्या वर्तमानपत्रात गुंडाळून स्केचपेननं आकडे घातले. मी, ताई आणि भावोजी, तिघांपुढे सारखे ग्लास. कुठली कुठली ते फक्त ताईच्या मुलीला माहीत.

त्या संध्याकाळी सगळ्यात मोठं काही शिकवलं असेल तर ते दिंडोरीनं. ती एकच वाइन दोन ग्लासांत ओतली. एक ग्लास ओट्यावर राहू दिला, खोलीत ३० अंश होतं. दुसरा फ्रीजमधून काढलेल्या बाटलीचा, थोडा वेळ बाहेर ठेवून साधारण १७-१८ अंशावर आलेला. भावोजींनी दोन्ही हुंगले आणि म्हणाले, "या दोन वेगळ्या बाटल्या आहेत. ही महागाची आणि ही हलकी." गरम ग्लासातून अल्कोहोल उसळून नाकात जात होतं, फळाचा वास त्याखाली दबलेला. गारमध्ये जांभळाचा आणि मिरीचा वास सरळ येत होता. "रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी" हे थंड देशातल्या खोल्यांसाठी सांगितलेलं आहे, ठाण्या-नेरुळच्या खोल्यांसाठी नाही. रेड अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा. या एका गोष्टीनं बाटलीची किंमत पाचशेनं वाढल्यासारखी वाटते, आणि तिला खर्च काही नाही.

महाग चव म्हणजे नक्की काय, असं ताईनं विचारलं. मी तिला एक साधी खूण सांगितली. घोट गिळा आणि मनात आकडे मोजा. तीन-चारपर्यंत चव विरली तर वाइन साधी. दहापर्यंत रेंगाळली आणि शेवटी कडवट किंवा नुसती गोड उरली नाही, तर चांगली. गोडीला भुलू नका, स्वस्त वाइनमधले दोष गोडीखाली झाकता येतात. आम्ही खरंच मोजत बसलो. चेनिन आठपर्यंत गेली, दिंडोरी दहाच्या पुढे, सांजोवेसे साताला थांबली पण फार टवटवीत होती. दीड हजाराची परदेशी रेड चारला संपली. नौपाड्याची सवलतीची बाटली ताईनं एका घोटानंतर बाजूला सारली.

मग खाण्याबरोबर. ताईनं कोथिंबीर वडी, तळलेली सुरमई आणि थोडं मटण करून ठेवलं होतं. चेनिन सुरमईबरोबर अशी जुळली की वर लिंबू पिळायची गरज राहिली नाही. मटणाबरोबर दिंडोरी मात्र पहिल्यांदा बिघडली. तिखटानं तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही जास्त जाणवतात, जिभेची आग होते. ताई म्हणाली, "अरे, मग वाइन कशाला बदलायची? मी मिरची कमी करते, खोबरं-खसखस वाढवते." कार्यक्रमाला तिनं तसंच केलं आणि जमलं. रस्सा झणझणीतच हवा असेल तर रेड सोडा, गार चेनिन किंवा रोझे द्या.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी वाशीच्या त्याच दादांकडून दोन चेनिन आणि दोन दिंडोरी आणल्या. चार हजारांच्या आत काम झालं, उरलेल्यात ताईनं चार पातळ काचेचे ग्लास घेतले. जाड काठाच्या ग्लासात वाइन बोजड लागते, तेव्हा हा खर्चही वाया गेला असं समजू नका. फ्रीज जेवणानं भरलेला होता म्हणून चेनिनच्या बाटल्या बादलीत ठेवल्या: बर्फ, बर्फ बुडेल इतकं पाणी आणि दोन मुठी मीठ. नुसत्या बर्फापेक्षा हे कितीतरी लवकर गार होतं, वीस मिनिटांत बाटलीवर दव धरलं. दिंडोरी अर्धा तास आधी काचेच्या जगमध्ये ओतून ठेवली, तिला हवा लागली की वास खुलतो.

मामांनी चेनिनची किंमत अडीच हजार सांगितली. आत्याला खरी किंमत कळल्यावर तिनं बाटलीचा फोटो काढून घेतला. आईनं कोकम सरबतच घेतलं. बाबांनी पहिला घोट घेतला, थोडा वेळ गप्प राहिले, आणि म्हणाले, "याला सुरमई आण अजून एक तुकडा."

एका दिंडोरीत पाव बाटली उरली. बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली, तिसऱ्या दिवशीही चांगली होती. बाबांनी ती संपवली.