मोरी ते मळा: एका ग्रामसभेचा ठराव

जुन्नर तालुक्यात ग्रामपंचायतीची नोकरी केलेल्या माणसाला बिबट्याशिवाय झालेली ग्रामसभा आठवणार नाही. कुकडीच्या कालव्यांचं पाणी आलं, बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला आणि बिबट्या उसात राहायला लागला. आज इथे दिसणाऱ्या कित्येक बिबट्यांचा जन्म उसाच्या सरीतच झालेला आहे. त्यामुळे ‘गावात बिबट्या आलाय’ असं कुणी म्हणत नाही. ‘आज कुठं दिसला?’ एवढंच विचारतात.

तरीही गेल्या वर्षीची २ ऑक्टोबरची ग्रामसभा माझ्या लक्षात राहिली, आणि त्याचं कारण आदल्या दिवशीची महिला सभा.

विषयपत्रिका नेहमीसारखीच होती. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्च, ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखडा, घनकचरा व सांडपाणी, दिवाबत्ती, व्यायामशाळेचं साहित्य, आणि शेवटी बिबट्याचा बंदोबस्त. विषय असे सुटे असतात, कारण पैसाही सुटा येतो. तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच, असायचा, त्यातला निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित. बाकी आपली घरपट्टी आणि पाणीपट्टी. कचऱ्याचा रुपया दिव्याला लावता येत नाही, म्हणून कागदावर कचरा एका पानावर आणि दिवा दुसऱ्या पानावर. बिबट्याला तर आमच्याकडे लेखाशीर्षच, म्हणजे खर्चाचं खातंच, नाही. तो वनखात्याचा.

नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असं कायदा सांगतो. पुष्कळ ठिकाणी ती हजेरीवहीवरच्या सह्यांत आटोपते, हे मला माहीत आहे, आणि त्याचं वाईट वाटतं. आम्ही ती संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात घेतली होती. आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या बायका आणि मळ्यातल्या वस्तीवरच्या काही जणी, ज्या सहसा येत नाहीत. मी विषय वाचायला सुरुवात केली. डेअरीला दूध घालणाऱ्या एक आजी मागे खांबाला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, “भाऊसाहेब, ते समदं नंतर वाचा. आधी आमचा रस्ता ऐकून घ्या.”

आणि त्यांनी रस्ता सांगितला. एसटी थांब्यापासून मळ्यातल्या वस्तीपर्यंतचा, डांबर संपल्यावर कच्चा होणारा, दोन्ही बाजूंनी ऊस असलेला. थांब्यापुढे ओढ्याची मोरी. मोरीखाली कोंबडीच्या दुकानांची घाण रात्री कुणीतरी टाकून जातं. पोल्ट्रीत मेलेल्या कोंबड्याही गोणीत भरून तिथेच. त्यावर कुत्री जमतात. मोरीनंतरच्या खांबांवरचे दिवे पावसाळ्यापासून बंद. सार्वजनिक शौचालय त्याच अंधारात, म्हणून दिवस मावळला की तिकडे कुणी जात नाही. आणि कुत्री रात्री भुंकता भुंकता एकदम गप्प झाली की वस्तीवर समजतं, तो आलाय.

त्यांचं बोलणं संपेपर्यंत माझ्या विषयपत्रिकेतले निम्मे विषय त्या रस्त्यावर येऊन गेले होते.

मग बारावीतली एक मुलगी उभी राहिली. आईबरोबर आली होती, मतदार व्हायला तिला अजून अवकाश होता. ती म्हणाली, “सर, संध्याकाळच्या गाडीनं आलं की थांब्यावर कुणीतरी न्यायला येईपर्यंत बसावं लागतं. पप्पा रानात असले की कुणीच नसतं. म्हणून मी प्रॅक्टिकल सोडून दुपारच्याच गाडीनं येते.” तिच्या आईने मान खाली घातली. आशाताईंनी विचारलं, अजून कोण कोण? चार-पाच हात वर झाले. आमच्या आराखड्यात शिक्षणाचा वेगळा विषय होता आणि त्यात शाळेच्या रंगरंगोटीचा खर्च होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभेच्या जागेवर जाण्याआधी मी, सरपंच आणि वनरक्षक मोरीवर गेलो. वास थांब्यापासूनच येत होता. घाणेरीच्या झुडपांना पांढरी पिसं चिकटलेली, खताच्या फाटक्या गोण्या, त्यांतून बाहेर आलेले पाय. सात-आठ कुत्री आम्हाला बघून हललीही नाहीत. ओढ्याच्या कडेला चिखल होता, त्यावर वनरक्षक उकिडवा बसला आणि काडीने एका ठशाभोवती रेघ ओढली. “हा कुत्र्याचा, बघा, पुढं नखं उमटलीत. आणि हा.” दुसरा ठसा जास्त गोल आणि मोठा होता, चार बोटं आणि मागे गादी, नखांची खूण नाही. बिबट्या चालताना नखं आत घेतो. ठसा ताजा होता, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. तिथून शौचालयाचं दार दिसत होतं.

ग्रामसभेला माणसं आली. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी संख्या म्हणजे गणपूर्ती. ती न झाल्यामुळे तहकूब झालेल्या सभा मी पुष्कळ लिहिल्या आहेत. त्या दिवशी शाळेच्या पटांगणात जागा पुरेना. मळ्यातल्या बायका पुढे येऊन बसल्या होत्या.

पहिली मागणी अपेक्षित होती: पिंजरा लावा. ज्यांची वासरं आणि शेळ्या गेल्या होत्या ते उभे राहून बोलत होते. तालुक्यात माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. त्यामुळे पिंजरा मागणाऱ्याला अडाणी समजणारा शहरी सूर मला कधीच पटलेला नाही. वनरक्षकाने शांतपणे सांगितलं की बिबट्या पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि प्रस्ताव आजच पाठवतो. पण पुढचंही सांगणं त्याचं काम होतं. २००० नंतरच्या काही वर्षांत याच भागातून शंभराहून जास्त बिबटे पकडले गेले, त्यांतले पुष्कळ दुसरीकडे नेऊन सोडले, आणि नंतर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. एक उचलला की रिकामं रान दुसरा धरतो.

एक बाप म्हणाला, “साहेब, तुमचं खरं असंल. पण माझं पोरगं दिवस मावळताना अंगणात खेळतं.”

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं आणि कुणी दिलंही नाही. मला ते बरं वाटलं.

मग वनरक्षकाने शेजारच्या अकोले तालुक्यातला अभ्यास सांगितला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बिबट्यांची विष्ठा तपासून त्यांच्या आहाराचा हिशेब मांडला आहे. वजनाच्या हिशेबाने आहारातला सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. शेळ्यांचा ११. म्हणजे मोरीखाली जे टाकलं जातं ते कुत्र्यांसाठी, आणि कुत्री त्याच्यासाठी. हे ऐकून मागून एकाने विचारलं, “मग कुत्री हटली तर तो आमच्या शेळ्यांवर येईल त्याचं काय?” सभेतला सगळ्यात धारदार प्रश्न तो होता. वनरक्षक क्षणभर थांबला. म्हणाला, “येऊ शकतो. म्हणून शेळ्या रात्री बाहेर बांधायच्या नाहीत. चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी असलेला गोठा हवा. पण आज आपण त्याचं ताट थांब्यापासून वस्तीपर्यंतच्या रस्त्यावर वाढतोय. ते तिथनं तरी उचलू.”

कुत्र्यांना विष घालण्याची सूचनाही आली. सरपंचांनी ती तिथेच थांबवली. तो गुन्हा आहे, आणि विष खाल्लेलं कुत्रं शेवटी कुणाच्या पोटात जाईल हे सांगता येत नाही. निर्बीजीकरणासाठी पशुसंवर्धन विभागाला पत्र द्यायचं ठरलं.

आता कोंबडीवाले. दोघेही सभेत होते. नाव न घेता सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांतला एक उठला आणि चढ्या आवाजात म्हणाला, “टाकतो, मीच टाकतो. घंटागाडी घेत नाही, शेजारी खड्डा घेऊ देत नाही. मग टाकू कुठं? मला जागा दाखवा, उद्यापासून मोरीत टाकलं तर दुकान बंद करा.” त्याचं म्हणणं खरं होतं. आमची घंटागाडी ओला कचरा घेऊन नाडेपच्या, म्हणजे कंपोस्ट खताच्या, हौदांकडे जाते आणि त्या हौदांत आतडी-पिसं टाकता येत नाहीत. गावात कोंबडी रोज शिजते आणि तिच्या उरलेल्याची सोय गावाने कधी केलेलीच नव्हती. अर्धा तास नुसता जागेवर गेला. गायरानाच्या वरच्या टोकाला, वस्ती आणि विहिरींपासून लांब, झाकणाचा खोल खड्डा, प्रत्येक थरावर चुना आणि माती, भोवती जाळी. खर्च बंधित निधीतल्या स्वच्छतेच्या वाट्यातून. दुकानदार आणि पोल्ट्रीवाले महिन्याला ठरावीक रक्कम भरतील, त्यानंतर कुणी बाहेर टाकलं तर दंड.

दिव्यांवर मात्र भांडण झालं. अबंधित निधीतून व्यायामशाळेचं साहित्य घ्यायचं असं तरुण मंडळाने मनात धरलं होतं, आणि त्यांची मागणी जुनी होती. पैसे दोन्हीला पुरणार नव्हते. मंडळाचा एक जण म्हणाला की दिवे काय, दरवर्षी बंद पडतात, ते नुसते दुरुस्त करा. त्यावर आजी उठल्या. “लेका, तुझी ताकद मोठी आहे, तू अंधारातनं येशील. तिला कुणी आणायचं?” आणि त्यांनी त्या बारावीच्या मुलीकडे हात केला. हात वर करून मत घेतलं. दिवे आधी, व्यायामशाळा पुढच्या आराखड्यात. काही पोरं उठून गेली. त्यांचा राग मला समजत होता, गावात त्यांना संध्याकाळी बसायला देवळाच्या पाराशिवाय जागा नाही.

सगळं झाल्यावर मी सभेपुढे एक सूचना ठेवली. प्रत्येक विषयाचा वेगळा ठराव केला की त्याची वेगळी फाईल होते, आणि एक फाईल अडली तरी बाकीच्यांना कळत नाही. म्हणून मी एकच ठराव लिहिला: ‘ओढ्याची मोरी ते मळ्यातील वस्ती या रस्त्यावरील सुरक्षितता, स्वच्छता व दिवाबत्तीबाबत.’ खाली कामं क्रमाने, आणि प्रत्येक कामापुढे त्याचं लेखाशीर्ष. हिशेब तपासणीला काही अडचण नाही, कारण खर्च ज्याच्या त्याच्या खात्यातूनच पडतो. सूचक कोण, असं विचारल्यावर आजींचं नाव पुढे आलं. मी रीतीप्रमाणे नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव लिहायला घेतलं, तर त्या म्हणाल्या, “तेही लिवा, पण सही मी करणार.” आणि वहीवर वाकून, एकेक अक्षर सुटं काढत, त्यांनी सही केली. बचत गटात शिकलेली.

दिवे दिवाळीच्या आधी लागले. मोरीखालची घाण जेसीबीने उचलली. खड्ड्याला वेळ लागला, तोवर दुकानदार लांब गायरानात पुरत होते. एकदा पुन्हा मोरीखाली गोणी सापडली. कुणाची ते समजलं नाही, पण वस्तीवरच्या बायकांनी त्याच दिवशी ग्रामपंचायतीत येऊन सांगितलं आणि आम्ही ती उचलली. पिंजऱ्याला परवानगी आली. आठवडाभर पिंजरा उसाच्या कडेला होता, बिबट्या आत गेला नाही. कुत्र्यांचा घोळका मोरीवरून विखुरला. ती मुलगी संध्याकाळच्या गाडीने यायला लागली. थांब्यावर उतरलेल्या सगळ्या जणी एकत्र निघतात, आणि तरुण मंडळातली दोन-तीन पोरं बॅटरी घेऊन मोरीपर्यंत सोबत जातात. हे त्यांना सभेने सांगितलेलं नव्हतं.

गाळप हंगाम सुरू झाला तसा एक प्रश्न निघाला, जो आमच्या कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. ऊसतोडीच्या टोळ्या बीडकडून आल्या आणि दरवर्षीप्रमाणे उसालगतच कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, टाकायला लागल्या. ही माणसं आमच्या मतदार यादीत नाहीत, ग्रामसभेला त्यांना कुणी बोलावत नाही. आई-बाप पहाटे अंधारात तोडीला गेले की पोरं पाचटाच्या कोपीत झोपलेली असतात, आणि ऊस तुटत जातो तसा बिबट्या उरलेल्या फडात दाटत जातो. ह्या पोरांना मोठा धोका असतो. आशाताई लसीकरणाला तिकडे गेल्या होत्या, त्यांनी येऊन सांगितलं. सरपंच, मी आणि टोळीचा मुकादम बसलो. कोप्या उसाच्या बांधावरून हलवून शाळेमागच्या मोकळ्या पटांगणात आणल्या, तिथे एक दिवा आणि नळ दिला, आणि सकाळी पोरं अंगणवाडीत बसवायला सुरुवात केली. हा खर्च आम्ही ग्रामनिधीतून केला आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत कार्योत्तर मंजुरीला ठेवला. कुणी विरोध केला नाही.

ठरावातलं शेवटचं कलम मात्र तसंच आहे. शेतीची थ्री फेज लाईट दिवसा मिळावी, म्हणजे रात्री उसाला दारं धरायला (पाणी द्यायला) माणसाला एकट्याने जावं लागणार नाही, अशी मागणी आम्ही वीज कंपनीला आणि तहसीलदारांना पाठवली. स्मरणपत्रंही गेली. लाईट अजून आठवड्याआड रात्रीची असते, आणि त्या आठवड्यात मळ्यातली माणसं दोघं-दोघं मिळून रानात जातात.