क्रिमियाच्या युद्धानंतरच्या दोन राजधान्या

तोपकापी राजवाड्याच्या तटबंदीला लागून असलेल्या गुलहाने उद्यानात आज इस्तंबूलकर निवांत फिरायला येतात. परराष्ट्रमंत्री मुस्तफा रशीद पाशा यांनी ३ नोव्हेंबर १८३९ रोजी ऑटोमन साम्राज्याच्या सुलतानाचे फर्मान जाहीरपणे वाचले, ते इथेच. प्रजेच्या जीविताची, अब्रूची आणि मालमत्तेची हमी, ठरावीक करआकारणी, उघड न्यायचौकशी, आणि हे सारे कोणत्याही धर्माच्या माणसाला लागू, असा त्याचा आशय होता. तंझिमात म्हणून ओळखले जाणारे सुधारणांचे पर्व इथून सुरू झाले.

त्या फर्मानावर ज्याची मुद्रा होती, त्या सुलतान अब्दुलमजीदनेच बॉस्फरसच्या काठी दोल्माबाह्चे राजवाडा बांधला. त्यातल्या दुहेरी जिन्याच्या कठड्याचे खांब स्फटिकाचे आहेत; खिडकीतून ऊन आले की ते लखलखतात आणि पर्यटकांची रांग तिथेच अडते. मलाही तो जिना सुंदर वाटला, पण १८५६ हे राजवाडा पूर्ण झाल्याचे साल मनातून जाईना. रशियाविरुद्धचे क्रिमियाचे युद्ध त्याच वर्षी संपले होते आणि त्या युद्धासाठी साम्राज्याने १८५४ मध्ये पहिले परकीय कर्ज काढले होते. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या साथीने ऑटोमन साम्राज्य ते युद्ध जिंकले खरे. मात्र पुढे कर्जावर कर्ज चढत गेले आणि १८७५ मध्ये व्याज पूर्ण देणे अशक्य असल्याचे सरकारला जाहीर करावे लागले.

या साऱ्याचा परिणाम पाहायचा तर जाआलोलू भागातील एका भव्य इमारतीपाशी जावे. आता तिथे शाळा भरते, त्यामुळे मी ती फाटकाबाहेरूनच पाहिली. एकेकाळी ते १८८१ मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक कर्ज प्रशासनाचे मुख्यालय होते. परकीय धनकोंचे प्रतिनिधी तिथे बसत आणि मीठ, तंबाखू, मद्य, रेशीम, मासळी यांवरचा महसूल थेट कर्जफेडीकडे वळवत. राजवाड्यापेक्षा ही इमारत साम्राज्याच्या अवस्थेविषयी अधिक सांगते, असे माझे मत आहे.

तिथून पुढे सेंट पीटर्सबर्गला गेलो, कारण त्याच युद्धात हरलेल्या रशियाने त्यातून कोणता धडा घेतला हे मला पाहायचे होते. पराभवानंतर झार दुसऱ्या अलेक्झांडरने १८६१ मध्ये भूदासांना, म्हणजे जमिनीशी आणि जमीनदाराशी बांधलेल्या शेतकऱ्यांना, मुक्त केले. खासगी जमीनदारांच्या ताब्यातच दोन कोटींहून अधिक माणसे होती. तथापि मिळालेल्या जमिनीची किंमत त्यांनी ४९ वर्षे हप्त्यांनी फेडायची होती. १८६४ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्था आणि ज्यूरीसह नवी न्यायालये आली. ही न्यायव्यवस्था मला त्या काळातली सर्वांत मोलाची सुधारणा वाटते.

कालव्यात काहीसे पुढे आलेले ‘रक्तावरील तारणहार’ चर्च आतून नखशिखांत मोझेकने मढवलेले आहे. एका कोपऱ्यात कोरीव छत्रीखाली फरसबंदीचे जुने दगड आणि कालव्याच्या कठड्याचा तुकडा जपला आहे. याच जागी १ मार्च १८८१ रोजी, जुन्या रशियन पंचांगानुसार, बॉम्बहल्ल्यात झार प्राणघातक जखमी झाला. कायदे करताना निवडून आलेल्या प्रतिनिधींचा सल्ला घेण्याच्या योजनेला त्याने त्याच सकाळी मान्यता दिली होती. त्याच्या मुलाने ती गुंडाळली आणि दोनच महिन्यांत निरंकुश सत्तेचा जाहीरनामा काढला. तिकडे इस्तंबूलमध्ये दुसऱ्या अब्दुलहमीदने १८७७ मध्ये भरलेली पहिली संसद १८७८ च्या फेब्रुवारीत बंद केली, ती थेट १९०८ पर्यंत. न्याय, कर, शिक्षण यांत बदल करायला दोन्ही दरबार तयार होते; राज्यकर्त्याच्या अधिकाराला मर्यादा घालण्याची वेळ आली की दोघेही मागे फिरत.

ताव्रिचेस्की राजवाडा मी बाहेरून पाहिला. क्रिमिया रशियाला जोडणाऱ्या पोत्योम्किनसाठी बांधलेल्या या वास्तूत १९०६ मध्ये पहिली दूमा, म्हणजे रशियाची निवडून आलेली संसद, भरली आणि झार दुसऱ्या निकोलसने ती अडीच महिन्यांत विसर्जित केली. तेव्हा सुमारे दोनशे सदस्य फिनलंडमधील विबोर्गला जमले आणि दूमा पुन्हा भरेपर्यंत कर देऊ नका, सैन्यासाठी माणसे देऊ नका, असे आवाहन त्यांनी जनतेला केले. सही करणाऱ्यांपैकी बहुतेकांना तुरुंगवास झाला आणि पुढच्या निवडणुकीचे दरवाजे त्यांना बंद झाले.